कुणालाच नको असलेली अवजारं

पळसाच्या लालचुटुक रानाकडेला एक इवलंसं झोपडं होतं. त्यात झेलू आणि तिची आई राहायची. झेलूचे बाबा लोहार. ते वारले तसा काका आला आणि ऐरण, सांडशी, हातोडे, झाडून सगळं गाडीत घालून घेऊन गेला. "पोरीबाळींला काय करायचंय लोखंड?" म्हणाला. काका कसला, मेला दगड! तेव्हापासून आई धोंड्यावर विळे ठोकायची, तापलेलं लोखंड ओल्या फडक्यात धरायची. एके दिवशी लोखंड निसटलं आणि तिचा उजवा तळहात भाजला. घरातली चूल थंड झाली.

आईच्या हाताला लावायला झेलू कोरफड शोधत रानात गेली. तिथे बोरीच्या काट्यांत एक चिमणी परी अडकली होती. तिचे निळे निळे पंख नुसते लुकलुकत होते. झेलूने एकेक काटा दूर केला. बोटं रक्ताळली, पण पंख फाटू दिला नाही.

"गुणाची गं माझी बाय! माग तीन वस्तू," परी म्हणाली.

"ऐरण, हातोडा, सांडशी!"

परीचे पंख मंदावले. "माझा एक नियम आहे, राणी. मी नवं काही घडवत नाही. तुला देईन ते दुसऱ्याच्या घरातून जाईल. कुणाच्या, ते तू सांगायचं."

बघा! पऱ्यांचे नियम हे असे. देणार त्या, आणि जीव खालीवर होणार आपला.

"काकाच्या!" झेलूच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते सगळं बाबांचंच तर होतं. पण काकाची छोटी लेक रंगू त्याच ऐरणीच्या कमाईवर जेवत होती. उपाशी झोपताना कसं वाटतं, ते झेलूला ठाऊक होतं.

"जी कुणालाच नकोत, लोकांनी फेकून दिलीत, ती दे," ती रडत रडत म्हणाली.

परीने तिच्या गालावरून हळूच पंख फिरवला. सोनेरी उजेड झळाळला आणि त्यात परी दिसेनाशी झाली. उजेड ओसरला तेव्हा झेलू आपल्याच दारात उभी होती. पायाशी ऐरणीच्या जागी आगगाडीच्या रुळाचा गंजका तुकडा, वाकडी सांडशी आणि चिखलाने भरलेला हातोडा.

सगळं ऐकून आई भडकली. "काकाचं का न्हाई मागितलंस? आपलंच व्हतं ते! चांगुलपणा काय चुलीवर शिजतो व्हय गं?"

तिने भिरकावून द्यायला हातोडा उचलला. दांडा चिरलेला होता. त्याच्यावर हिरवा काठ गुंडाळला होता, तिच्याच लुगड्याचा. घामाने हातोडा निसटू नये म्हणून तिनेच तो बाबांना बांधून दिला होता. आणि दांडा चिरला म्हणून काकाने हातोडा उकिरड्यावर टाकला होता.

आई खूप रडली. मग तिने पदराने हातोडा पुसला, डाव्या हातात घेतला आणि म्हणाली, "झेले, सांडशी धर."

रुळाच्या तुकड्यावर ठोका पडला. पिवळ्या, केशरी, लालेलाल ठिणग्या उडाल्या. संध्याकाळी चुलीवर भाकरी फुगली.

काकाने ऐरण काही परत दिली नाही. रंगू रोज पोटभर जेवते. आणि झेलूच्या आईचा हात पुन्हा कधी भाजला नाही.