केसभर लहान कपलिंग

उसाचा चरक ओढायचं काम बैलांकडून इंजिनाकडे आलं, त्या काळातली ही गोष्ट. एका गुऱ्हाळावर इंजिनाच्या शाफ्टला चरकाशी जोडायला नवं कपलिंग आणलं. त्याचं भोक शाफ्टपेक्षा केसभर लहान निघालं.

शाफ्ट कुरकुरला, "मिस्त्री, याचं भोक घासून मोठं करा. जुनं कसं हाताने सरकून बसायचं!"

"आणि ऊस गच्च भरला की तू त्याच्या आत नुसताच फिरायचास," बाबालाल मिस्त्री म्हणाले. "चरक उभाच! काही घासायचं नाही."

त्यांनी कपलिंग कडकडीत तापलेल्या तेलात सोडलं. चटके सोसून ते फुगलं, भोक रुंदावलं, आणि मिस्त्रींनी ते अलगद शाफ्टवर चढवलं. निवता निवता ते आवळत गेलं.

"अरे, सोडणार कधी?" शाफ्ट ओरडला.

"परत तापेन तेव्हा."

दुसऱ्या दिवशी चरकात उसाची जाड मोळी शिरली. इंजिन गुरगुरलं, शाफ्टला पीळ बसला, पण कपलिंग जागचं हललं नाही. ऊस चिरडून रस वाहू लागला.

भंगारात पडलेलं जुनं कपलिंग ते पाहत होतं.

"मला बसवताना," ते हळूच म्हणालं, "कुणालाच त्रास झाला नव्हता."