हिरडी, हात आणि दारावरचं मूत्रपिंड

आटपाट देह होता. त्याच्या खालच्या दारावर मूत्रपिंड राखण करायचं. रक्तात मावेल तेवढं ठेवायचं आणि उरलेलं लघवीवाटे सोडायचं, हे त्याचं काम.

वर तोंडात हिरडी राहायची. सहा महिने तिला पुरेसं क जीवनसत्त्व मिळालं नव्हतं. "हातदादा, आवळ्याची एक फोड तरी द्या हो," ती रक्ताळल्या तोंडानं विनवायची. पण हात फरसाणाच्या डब्यातून निघत नव्हता. बिचारं मूत्रपिंड दाराशी आलेला कणन् कण परत तिच्याकडे धाडायचं. तेवढ्यानं काय भागणार?

एक दिवस दाढ हलली. घाबरून हातानं क जीवनसत्त्वाच्या मूठभर गोळ्या एकदम घशात टाकल्या. रक्तात पूर आला. मूत्रपिंडानं मावेल तेवढं ठेवलं आणि बाकीचं जड मनानं बाहेर लोटलं. त्यात हिरडीचे सहा महिने सहज निघाले असते.

"मेल्या, माझं औषध मोरीत ओततोस?" हात ओरडला.

"आवळा मागितला तेव्हा दिला नाहीस," मूत्रपिंड म्हणालं, "आणि आता कोहळा आणलास. ठेवू कुठे?"

तेवढ्यात दाढ निखळून हातावर पडली. हातानं ती मुठीत घट्ट धरली. इतक्या दिवसांत त्यानं जपलेली ती पहिलीच वस्तू.