ज्या गावाला ठसका लागेना

एका वृद्ध वैद्याकडे एकदा त्याचाच एक जुना शिष्य पेढे घेऊन आला. शिष्य काही पोरसवदा नव्हता. दहा वर्षं गुरूच्या खलात मुळ्या कुटून, मग तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना थाटलेला, चाळिशीला टेकलेला माणूस होता तो. पुडा पुढे ठेवून त्याने नमस्कार केला आणि खाली बसायच्या आधीच सांगून टाकलं, “गुरुजी, भट्ट्यांच्या गावाचा खोकला मी घालवला.”

भट्ट्यांचं गाव सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. डोंगर फोडून चुनखडी काढायची आणि भट्टीत भाजायची, यावर ते गाव जगत होतं आणि त्यावरच मरत होतं. छपरं पांढरी, झाडं पांढरी, शेळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. त्या हिवाळ्यात तिथे तापाची आणि कफाची साथ आली. धुक्यात वाट चुकलेला माणूस नुसत्या खोकण्याच्या आवाजावरून गाव शोधू शके, असं म्हणत. गावाची ही दशा काही नवी नव्हती. पण ज्यांनी लक्ष घालायचं त्यांच्या घरापर्यंत तो आवाज पोचत नव्हता.

शिष्याने तिथे काढा दिला होता. अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, बेहड्याची साल, चिमूटभर पिंपळी. गुरूच्याच हाताखाली शिकलेला, साधा. एका व्यापाऱ्याने त्याची कृती मागून घेतली, मोठ्या हंड्यांतून तो उकळला, बाटल्या भरल्या आणि प्रत्येक बाटलीवर शिष्याचं नाव छापलं.

“आणि गुण किती दिवसांत आला?” वैद्याने विचारलं.

“एका रात्रीत.”

पेढा वैद्याच्या ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. “किती जणांना?”

“सगळ्यांना. आज त्या गावात एक माणूस खोकत नाही, गुरुजी.”

वैद्याने पेढा पुड्यात परत ठेवला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि चपला पायांत सरकवल्या.

“अहो, निदान पेढा तरी खा.”

“आल्यावर खाईन. चल.”

एसटीने ते फाट्यापर्यंत गेले आणि पुढे पायी निघाले. शिष्य मनात सुखावला होता. गुरुजींना हे डोळ्यांनी पाहायचं आहे, असं त्याला वाटलं. दहा वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही शाबासकी निघाली नव्हती. आज निघेल.

गाव दुपारच्या उन्हात पांढरंफटक पडलं होतं. भट्ट्या चालू होत्या. माणसं फावड्यांनी चुना ओढत होती आणि भुकटीचे लोट त्यांच्या तोंडावरून जात होते. फावड्यांचा आवाज येत होता, दुसरा काही येत नव्हता. शिष्याच्या घशात खवखवलं, त्याने रुमाल लावला. रुमाल लावणारा तो एकटाच होता. बाकीचे त्या लोटांत उभे होते, जसं काही वारा त्यांच्या नाकातोंडात शिरतच नव्हता.

कुठल्याशा अंगणात एक शेळी खोकली. शिष्याला एकदम हायसं वाटलं. का वाटलं, ते मात्र त्याला कळेना.

“राम राम, वैद्यबुवा,” कुणी म्हणालं. त्या माणसाच्या ओठांवर भुकटीचा थर बसला होता. तो पुसावा असं त्याला वाटत नव्हतं. तो हसत होता, आणि ते दोघं पुढे गेल्यावरही तसाच हसत राहिला.

“त्याचे डोळे पाहिलेस?” वैद्याने चालता चालता विचारलं.

“लाल होते. चुन्याने होतात.”

“बाहुल्या पाहिल्यास का?”

शिष्याने पाहिल्या नव्हत्या. पुढच्या ओसरीवर, सावलीत, एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या पाहिल्या. सावलीत बाहुली मोठी व्हायला हवी; ही मोहरीच्या दाण्याएवढी होती. शिष्याने वाकून पुन्हा पाहिलं. पण चुन्याच्या चकाकीने तसं होत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

घरातून म्हाताऱ्याची सून बाहेर आली. शिष्याला पाहून तिने हात जोडले. “देव भेटला बघा बुवा. तीन महिन्यांत पयल्यांदा सारं घर निजलं.”

“घरात लहान कोण आहे?” वैद्याने विचारलं.

“हौसा हाय की, माझी पोर. आत निजलीया.”

“कधीपासून?”

“काल सकाळधरनं. खोकून खोकून जीव घाबरा व्हायचा तिचा. काढा दिला आन् गप झाली.”

“काही खाल्लं का तिने?”

“उठंल तवा खाईल की.” बाईने दाराकडे पाहिलं. “काल दिसभर उठंना, म्हनून तर दृष्ट काढली. मिरच्या, मीठ, मोहऱ्या, समदं उतरवून चुलीत टाकलं. घर धुरानं भरलं, पन बाबा, कुनाला ठसका म्हनून न्हाई. लई जबर दृष्ट व्हती. उतरली ती.”

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि ती निघाली, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिष्य गालात हसला. वैद्य हसला नाही. तो आत गेला.

हौसा पाच वर्षांची होती. ती शांत पडली होती आणि तिच्याकडे दुरून पाहणाऱ्याला गाढ झोपच दिसली असती. वैद्याने तिच्या अंगावरचं पांघरूण काढलं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. नखं जांभळी झाली होती. त्याने तिला हाक मारली, गाल थोपटला, तळपायाला चिमटा घेतला. तिने डोळे अर्धे उघडले, कुणाकडेच पाहिलं नाही, आणि मिटले. छातीला कान लावून शिष्याने ऐकलं. आत पाणी शिजत असल्यासारखा आवाज होता. एवढा कफ छातीत साठलेला, आणि पोर खोकत नव्हती.

“हिला आत्ताच्या आत्ता शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं,” वैद्य बाहेर येऊन म्हणाला. “प्राणवायू लागेल. गाडी बघा.”

म्हातारा जागचा हलला नाही. “निवांत निजलेली पोर उठवून हिंदकळवायची? ती खोकत व्हती तवा कुनी गाडी आनली न्हाई. आता बरी झाली तर न्यायला आला.”

“आजोबा, ती बरी नाही.”

“कानानं ऐकतोय की मी. खोकती का ती?”

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो दाराशी थांबला. नव्या बाटल्या वाटायला तो आलाच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे मान हलवली. “वैद्यराज, आपण मोठे. पण शहरातले लोक सुया टोचतात, पैसे काढतात. घरचं औषध लागू पडलंय, त्यावर विश्वास ठेवायला तुम्हीच शिकवायचं, तर तुम्हीच घाबरवता?” मग शिष्याकडे वळून म्हणाला, “सांगा की तुम्ही. नाव तुमचं आहे.”

सगळे शिष्याकडे पाहू लागले. त्याला आतला तो आवाज आठवत होता. पण दारात बाटल्यांची खोकी होती आणि प्रत्येकीवर त्याचं नाव होतं. “गुरुजी,” तो म्हणाला, “आजची रात्र वाट पाहू या का?”

 वैद्याने बाईला विचारलं, “लाल मिरच्या आहेत घरात? सात आण. मीठ, मोहरीही आण. आणि शेगडीत निखारे.”

शिष्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दृष्ट काढणाऱ्यांची जन्मभर टर उडवत आलेला हा माणूस. एकदा एका जमीनदाराच्या घरी उतरवलेली मीठमोहरी त्याने उकिरड्यावर फेकली होती.

“गुरुजी, तुम्ही दृष्ट काढणार?”

“तुझीच. बाटल्या-बाटल्यांवर नाव छापलेल्या माणसाला लागणारच की.”

त्याने आतलं दार घट्ट ओढून घेतलं आणि फटीत कापड कोंबलं, पोरीपर्यंत धूर जाऊ नये म्हणून. मग ओसरीवर चौघांना ओळीने बसवलं: म्हातारा, त्याची सून, शिष्य आणि व्यापारी. व्यापारी हसत बसला. वृद्ध वैद्याला आवर घालण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटलं. वैद्याने मूठ ओवाळली, अगदी रीतसर, पायापासून डोक्यापर्यंत, आणि निखाऱ्यांवर टाकली.

मिरच्या तडतडल्या. निळा धूर जमिनीलगत सरपटत आला आणि चौघांच्या छातीपर्यंत चढला.

शिष्याला पहिला ठसका बसला तो पोटातून. तो वाकला, डोळ्यांतून धारा लागल्या, श्वास मिळेना. शेजारी व्यापारीही दुमडला होता. खोकून खोकून त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. वैद्य खांबाला धरून खोकत होता. आणि त्या धुरात बाई आणि म्हातारा ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून पाणी वाहत होतं, आणि गळ्यातून आवाज म्हणून निघत नव्हता. भिंतीवरच्या दोन तसबिरी जशा.

धूर जरा विरळ झाला. म्हाताऱ्याने सावकाश मान वळवून व्यापाऱ्याकडे पाहिलं.

“शेठ,” तो म्हणाला, “तुमी काढा घेत न्हाई वाटतं.”

व्यापाऱ्याला उत्तर द्यायला श्वास नव्हता. श्वास आला तेव्हा तो टेम्पोकडे पाहू लागला.

शिष्य उठला. एका खोक्यातली बाटली फोडून त्याने थेंब जिभेवर ठेवला. इतक्या दिवसांत आपल्या नावाचं औषध त्याने चाखलं नव्हतं. अडुळसा होता, ज्येष्ठमध होतं, आणि त्यांच्या मागून एक जड, मातकट कडवटपणा आला. जीभ बधिर झाली.

“बोंडं,” तो म्हणाला. “अफूची बोंडं उकळलीत यात.”

“थोडीशी,” व्यापारी डोळे पुसत म्हणाला. “तुमच्या काढ्याला आठ-आठ दिवस लागत होते. आठ दिवस कोण थांबतो? लोकांनी खोकला थांबवून मागितला, मी थांबवून दिला. माझं काय चुकलं?”

वैद्य म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला. “आजोबा, दृष्ट नव्हती आणि ती उतरलीही नाही. छातीत घाण शिरली की खोकला ती झाडून बाहेर टाकतो. या काढ्याने झाडणाऱ्याचे हात बांधले. घाण आतच आहे आणि वर साठते आहे. तुमची नात झोपलेली नाही. ती बुडते आहे, आणि बुडणारं माणूस आवाज करत नाही.”

बाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती आत गेली आणि पोरीला पांघरुणासकट उचलून बाहेर आली. खोकी खाली उतरवायला कुणी व्यापाऱ्याची परवानगी विचारली नाही. म्हाताऱ्याने टेम्पोची चावी मागायला नुसता हात पुढे केला, आणि व्यापाऱ्याने ती दिली. चालवायला भट्टीवरचा एक माणूस मिळाला. तो तीन दिवस परगावी होता, काढा घेतला नव्हता, म्हणून शुद्धीत होता.

शिष्यही चढू लागला. वैद्याने काठी आडवी धरली.

“मी जातो पोरीबरोबर. तू इथे थांब. या गावात अजून सत्तर घरं आहेत आणि सगळ्या घरांत शांतता आहे.”

“गुरुजी, त्याने बोंडं घातली हे मला माहीत नव्हतं. शपथ घेतो.”

“मला ठाऊक आहे. म्हणून तर विचारतो.” वैद्य गाडीत बसला आणि त्याने पोरीचं डोकं उंच धरलं. “तुझा काढा तू स्वतः बनवलास. तो घसा ओला करतो, कफ सुटायला हातभार लावतो, माणसाला आठवडाभर धीर देतो. त्याहून जास्त त्याला येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने एका रात्रीत गाव गप्प केलं, तेव्हा तुला भीती का नाही वाटली? तू पेढे का घेतलेस?”

टेम्पो गेला. पांढरी धूळ उडाली आणि ती खाली बसेपर्यंत शिष्य वाटेत उभा होता.

मग तो घरोघरी फिरला. दारात उभा राहून प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणावं लागलं, “बाटलीवर नाव माझं आहे आणि ती विषारी आहे.” काहींनी शिव्या दिल्या. एका बाईने बाटली पदराखाली लपवली आणि म्हणाली, “झोप लागत होती बुवा, तेवढी तरी ठेवा.” ती मागून घेणं त्याला सगळ्यात जड गेलं. प्रत्येक माणसाच्या छातीवर हात ठेवून तो श्वास मोजत गेला, बरगड्या पाहत गेला, नखं पाहत गेला. आणखी चार जणांना त्याने फाट्यावरून गाडी मागवून शहरात पाठवलं. उरलेल्यांना त्याने कोमट पाणी दिलं, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, उंच उशी करून बसवलं. अडुळसाही उकळला, नुसता. आणि हा देताना सांगितलं, याने लगेच काही होणार नाही, आणि दम लागला तर माझी वाट पाहू नका, गाडी बघा.

तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. हौसाच्या आईने निरोप धाडला होता: पोर रात्रभर खोकते, वाटी वाटी कफ टाकते, बाजूच्या खाटांवरच्या बायका भांडायला उठल्यात, आणि काल तिने दोन वेळा पेज मागितली.

शिष्य तेव्हा म्हाताऱ्याच्या पाठीला कान लावून बसला होता.  म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आता काळ्या आणि मोठ्या झाल्या होत्या.

“वैद्यबुवा,” म्हातारा म्हणाला, “तुमच्यापायी माझीबी झोप गेली. रातभर छाती खाजवती. काय देता यावर?”

शिष्याने त्याच्या पाठीवर तळहात टेकला.

“आज काही देत नाही आजोबा,” तो म्हणाला. “जरा खोकून दाखवा.”