कासवांची वाट

खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर कासवांची अंडी राखणारी एक संस्था होती. हेमांगी दर सुट्टीत तिथे स्वयंसेवक म्हणून जायची. एका पहाटे घरट्यातून पिल्लं बाहेर आली आणि तालुक्याचे पुढारी बापूसाहेब यांचा निरोप आला, "मी येईपर्यंत एकही पिल्लू सोडायचं नाही. सोडतानाचा फोटो माझाच निघाला पाहिजे."

ऊन चढलं तरी त्यांच्या होडीचा पत्ता नव्हता. टोपलीतली पिल्लं मलूल झाली, त्यातली दोन मेली. हेमांगीचं डोकं सणकलं. कोणालाही न विचारता तिने उरलेली सगळी पिल्लं समुद्रात सोडली.

दुपारी बापूसाहेब फोटोग्राफर घेऊन उतरले. रिकामी टोपली पाहून ते गरजले, "कासवं कुठायत? मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," हेमांगी आवाज न चढवता म्हणाली. "यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला इकडेच परत येतील. पंधराएक वर्षं लागतात. सकाळपासून त्यांनी तुमची वाट पाहिली, आता तुम्ही त्यांची पाहा. तोवर मी चहा टाकते."

फोटोग्राफर हसू दाबत समुद्राकडे वळला. बापूसाहेब चहा न घेताच परत फिरले. त्यांची होडी दिसेनाशी झाली, तरी हेमांगीचा राग उतरला नव्हता.