कोंबडा आरवला नाही ती सकाळ

पूर्वी वेत्रवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या अंगणात कोंबडा होऊन जन्मला होता. होय, कोंबडाच! जन्म घेताना बोधिसत्त्वाने कधी नाक मुरडलं नाही.

माळ्याचं नाव सोणक. पहाटे कोंबडा आरवला की तो उठे, फुलं तोडी आणि ऊन चढायच्या आत राजवाड्यात पोचवी. कोंबडा आता म्हातारा झाला होता. एकदा तो आरवायचा चुकला, सोणकला उशीर झाला आणि राजवाड्यात बोलणी खावी लागली. घरी येऊन त्याने कोंबड्याला सुनावलं, "पुन्हा चुकलास तर थेट हंडीत!" कोंबड्याने ते नीट ऐकून ठेवलं.

सोणकची बायको कपिला नवी नवरी. घरची अंडी असावीत म्हणून तिने माहेराहून टोपलीभर पिल्लं आणली. कोंबड्या पाळायची तिची पहिलीच वेळ, पण हौस दांडगी! एकेकीला तळहातावर घेऊन ती म्हणे, "ए सोनुले, लवकर मोठी हो, मला अंडं दे." पाणी कमी पडू नये म्हणून तिने चांगली रुंद परात भरून ठेवली. व्हायचं तेच झालं. पिल्लं परातीत पडली आणि चिंब भिजली.

थंडीचे दिवस, उन्हं कलायला आलेली. कपिलाने त्यांना पदराने पुसलं, चुलीजवळ धरलं, तरी त्यांचं थरथरणं थांबेना. शेवटी रडत रडत तिने त्यांना खुराड्यात गवतावर ठेवलं आणि दार लावलं.

आत कोंबडा होता. आई व्हायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण ती केविलवाणी चिवचिव त्याला ऐकवेना. तो खाली बसला, पंख पसरले, आणि एकेक पिल्लू आत सरकलं.

पहाट झाली. त्याचा गळा शिवशिवू लागला. पण आरवायचं तर उभं राहावं लागतं, पंख झाडावे लागतात, आणि पिल्लांनी तर आत्ता कुठे ऊब धरली होती. त्याला हंडी आठवली. 'माझं काय, म्हातारा मी,' असं मनाशी म्हणून तो गप्प बसून राहिला.

ऊन अंगणात आलं तेव्हा सोणकला जाग आली. सुरी घेऊन तो तरातरा खुराड्याकडे गेला आणि दार उघडलं. कोंबडा जागचा हलला नाही. तेवढ्यात त्याच्या पंखांतून एक चोच बाहेर आली. मग दुसरी. मग सगळीकडून चोचीच चोची!

"अगं बाई!" कपिला धावत आली. हसावं की रडावं तिला कळेना. "अहो, ठेवा ती सुरी! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? उद्यापासून मी उठवीन तुम्हाला."

"आणि आजची बोलणी?"

"ती खा मुकाट्यानं."

सोणक हसला. कोंबड्याने पाहिलीच नसावी अशा थाटात त्याने सुरी पाठीमागे लपवली.

पुढे पिल्लांच्या तलंगा झाल्या, अंडी देऊ लागल्या. खुराडं ऐसपैस होतं, तरी अंडं घालायला प्रत्येकीला म्हाताऱ्याला खेटूनच बसायचं असे.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तो सोणक म्हणजे आपल्या विहाराची घंटा वाजवणारा हा भिक्षू. कपिला म्हणजे रोज पेज घेऊन येणारी ही उपासिका. कोंबडा मीच होतो. आणि ती पिल्लं..."

समोर नुकतेच संघात आलेले छोटे श्रामणेर एकमेकांना खेटून झोपी गेले होते. त्यांना उठवायला भिक्षूने घंटेकडे हात नेला. शास्त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आणि आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "यालाच करुणा म्हणतात."