सिदूचा दम

एका गावात सिदू नावाचा एक भोळा कबड्डीपटू होता. अंगाने रेडा, मनाने गाय. चढाईला गेला की तिघांना शिवून यायचा. पण हल्ली 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता मध्येच त्याचा दम तुटायचा, आणि दम तुटला की गडी बाद. टेकवाडीच्या संघाकडून गाव तीन वर्षं मार खात होतं. संघाला शिकवणाऱ्या आवटी मास्तरांनी बजावलं, "सिदू, यंदा हरलो तर तुझी जर्सी काढून घेणार." सिदू ती जर्सी घालूनच झोपायचा. बिचारा पार हबकला.

मास्तरांनी कुठंसं वाचलं होतं, की परदेशी खेळाडू म्हणे बंद नळकांड्यात पडून दाबाखाली निव्वळ प्राणवायू घेतात आणि मग वाऱ्यासारखे पळतात. तसलं एक नळकांडं शहरात आलंच होतं. दारावर चित्त्याचं चित्र. मास्तरांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "हा दम टिकतो किती?"

डॉक्टर खरं बोलले. "दम घरी पोचेपर्यंत उतरतो. आमच्या चित्त्यासोबत काढलेला फोटो मात्र टिकतो."

मास्तरांनी आधी फोटो काढून घेतला.

पहिल्या दिवशी सिदूला तासभर नळकांड्यात झोपवून बाहेर काढलं, तेव्हा तिथला कंपाउंडर म्हणाला, "छाती भरलीय. आता दम वाया घालवू नकोस." सिदूने एसटीत तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं. कंडक्टरने तीनदा विचारलं, "कुठं जायचं?" सिदू गप्प. निळा पडला आणि शेवटच्या स्टॉपला उतरला.

"आरं येड्या," मास्तर म्हणाले, "कुणी इचारलं की तोंड उघडावं, समदं सांगावं!"

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरने काचेतून विचारलं, "बरं वाटतंय का?" सिदूने मास्क काढला आणि समदं सांगितलं. सुरुवात घरच्या म्हशीपासून केली. तास संपला तेव्हा म्हैस नुकती कुठं व्याली होती.

"कुणी काही विचारलं तर नुसती मान हलव!" कंपाउंडर ओरडला.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "उठायची घाई आहे का?" सिदूने मान हलवली आणि उठून दाराला धडका द्यायला लागला.

"अरे, दम धर!" कंपाउंडर काचेतून म्हणाला. "दाब उतरल्याशिवाय दार उघडत नाही. 'दम धर' म्हटलं की आहे तिथंच पडून राहायचं."

"कुणी बी म्हटलं तरी?"

"कुणीही म्हटलं तरी!"

सिदूने एवढं मात्र घोकून पाठ केलं.

रविवारी अंतिम सामना झाला. गाव दोन गुणांनी मागे, शेवटची चढाई सिदूची. त्याने तिघांना शिवलं. दम शाबूत ठेवून तो मागे फिरला. मधली रेषा हातभर उरली. सगळं गाव उभं राहिलं. आनंदाने मास्तरांचे डोळे भरून आले आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "दम धर, सिदू, दम धर!"

सिदू तिथंच आडवा झाला.

टेकवाडीचे गडी आधी बुचकळ्यात पडले. मग एकेक करून सातही जण त्याच्या अंगावर बसले. शिट्टी वाजली. ढिगाखालून सिदूचा आवाज आला, "मास्तर, दाब लई वाढलाय. दार कवा उघडणार?"