नायकाचे ‘आलंच’

उत्तरेकडच्या एका हिमसरोवरावर क्रौंच पक्ष्यांचा एक थवा राहत असे. हिवाळा तोंडावर आला, की तो दक्षिणेतील एका जलाशयाकडे निघे. वाट तीच, अंतर तेच. वेळ मात्र दर वर्षी वारा ठरवी. वारा पाठीशी असला तर दोन दिवसांत सरणारा पल्ला, वारा समोर आला की चार दिवस सरत नसे. थव्याचा नायक दीर्घग्रीव हे पुरते जाणून होता.

त्या वर्षी अर्ध्या वाटेवर वारा फिरला. थव्याच्या शेवटी चित्रपर्णी नावाची वृद्ध क्रौंची उडत होती. दीर्घग्रीवाला उडायला तिनेच शिकवले होते. सगळे तिला मावशी म्हणत.

“नायका, किती राहिलं रे?” तिने विचारले.

“हे काय, मावशी, आलंच!”

थकलेल्याला अंतर सांगू नये, धीर द्यावा, अशी त्याची समजूत. ‘आलंच’ हा शब्द मोठा गोड. त्याला ना कोसांचे बंधन, ना प्रहरांचे.

दुपारी खाली एक तळे दिसले. “घोटभर पाणी पिऊन जरा टेकू का?” मावशी म्हणाली.

“घर आल्यावर कुणी उंबऱ्यात बसतं का, मावशी?”

ती बिचारी ओशाळली आणि उरलेसुरले बळ एकवटून पंख मारू लागली. एक डोंगर मागे पडला. पुढे दुसरा उभा राहिला.

“नायकाचं ‘आलंच’ या डोंगरांसारखंच आहे,” एक क्रौंच चिडून म्हणाला, “एक ओलांडावं तर पुढचं हजर!”

कोणी हसले नाही. हसायलाही दम लागतो.

दिवस कलला, तरी मावशीने पुन्हा विचारले नाही. तिच्या त्या न विचारण्याने दीर्घग्रीव चरकला. त्याने वळून पाहिले. ओळीतून सुटून ती खाली खाली चालली होती. खाली नुसता तापलेला खडक. तिथे ती एकदा उतरली असती, तर पुन्हा उठली नसती. त्याचे स्वतःचे पंखही शिसे ओतल्यासारखे जड झाले होते. आणखी एक ‘आलंच’ त्याच्या जिभेवर आले. ते गिळून तो तिच्याजवळ गेला.

“मावशी, मी खोटं बोललो. जवळजवळ निम्मी वाट अजून तशीच आहे. हा वारा पडेपर्यंत आपण काही पोहोचत नाही.”

“मेल्या,” ती धापा टाकत म्हणाली, “हे दुपारी सांगितलं असतंस, तर ते तळं मी ओलांडलं असतं का?”

“आता मागे वळ. पंख मारू नकोस, नुसते पसरून धर. वारा नेईल.”

सारा थवा वळला. समोरच्या वाऱ्यात ज्या अंतराने अख्खी दुपार खाल्ली होती, तेच पाठीवरच्या वाऱ्याने सूर्य बुडायच्या आत संपवले. मावशी तळ्यात पाय बुडवून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

वारा पडल्यावर थवा पुन्हा निघाला.

“नायका, किती राहिलं रे?”

“पुष्कळ, मावशी.”

“बरं झालं सांगितलंस. मग सावकाश चल.”

जलाशयावर ती सर्वांच्या शेवटी उतरली, पण उतरली.

तात्पर्य: गोड असत्याने थकलेल्याला बळ येत नाही, उलट उरलेले सरते; जो अंतर खरे सांगतो, तोच सोबत्याला अंतर देत नाही.